पाहिजेत: शिक्षक सोडून सगळे

शिक्षणक्षेत्रात नोकऱ्याच उरल्या नाहीत, ही ओरड साफ खोटी आहे. नोकऱ्या भरपूर आहेत. त्यांपैकी बहुतेकींत शिकवायचं नसतं, एवढंच.

या क्षेत्रातल्या जाहिराती चाळल्या तर डोळे दिपतात. प्रोग्रॅम मॅनेजर पाहिजे. स्टेट लीड पाहिजे. 'सिस्टीम ट्रान्सफॉर्मेशन' नावाच्या गोष्टीसाठी असोसिएट पाहिजे. मॉनिटरिंग अँड इव्हॅल्युएशनला माणूस पाहिजे, आणि त्यानं काय मोजलं ते गुळगुळीत इंग्रजीत लिहायला कम्युनिकेशन्सचा माणूस पाहिजे. पात्रता: कुठल्याही शाखेची पदवी, कॉलेज नावाजलेलं असल्यास उत्तम. एक्सेलवर हात बसलेला असावा. साहेबांसमोर अडखळू नये. महिन्यातले पंधरा दिवस फिरायची तयारी असावी. आणि शाळेत शिकवल्याचा अनुभव? 'असल्यास प्राधान्य.' म्हणजे नसला तरी बिघडत नाही. ड्रायव्हरच्या जाहिरातीत 'गाडी चालवता येत असल्यास प्राधान्य' असं अजून कुणी छापलेलं नाही, पण शिक्षण हे पुढारलेलं क्षेत्र आहे.

पगाराच्या रकान्यात सहसा 'बाजाराला साजेसा' असं लिहिलेलं असतं. बाजार कुठला, ते लिहीत नाहीत. मंडईचा नसावा, एवढं कळतं.

या नोकऱ्यांत जाणाऱ्या पोरापोरींवर माझा राग नाही. त्यांतली काही खरोखर राबतात. 'टीच फॉर इंडिया'ची फेलोशिप २००९ मध्ये मुंबई-पुण्यातून सुरू झाली. तिथं दोन वर्षं वर्गात उभं राहावं लागतं, आणि पालिकेच्या शाळेतल्या चाळीस मुलांपुढं दोन वर्षं उभं राहिलेला माणूस कुठल्याही परिषदेत ऐकून घ्यावा असाच असतो. गोची पुढं होते. दोन वर्षं संपली की बहुतेकांची प्रगती वर्गाबाहेरच्या दिशेनं होते. यात त्यांचा काय दोष? सरकारी खात्यातही तीच चाल आहे. चांगला शिकवणारा शिक्षक केंद्रप्रमुख होतो, मग विस्तार अधिकारी, नशीब असलं तर गटशिक्षणाधिकारी. प्रत्येक बढतीत माणूस फळ्यापासून एकेक पाऊल मागं सरकतो, आणि पूर्ण दिसेनासा झाला की त्याला शिक्षणतज्ज्ञ म्हणतात.

*

आता दुसऱ्या जातीची जाहिरात, शिक्षकाची. ही दर आठवड्याला येत नाही. हिचा हंगामही ठरलेला नाही.

शिक्षणहक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम २६ मध्ये लिहून ठेवलंय की शाळेतल्या मंजूर शिक्षकपदांपैकी दहा टक्क्यांहून जास्त पदं रिकामी राहता कामा नयेत. कायदा करणारी माणसं भाबडी असावीत. कारण कायदा लागू झाला एप्रिल २०१० मध्ये आणि मे २०१२ मध्ये महाराष्ट्रानं शिक्षकभरतीलाच कुलूप घातलं.

त्यामागची कथा जुनी, पण विसरण्यासारखी नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये सरकारनं तीन दिवस पटपडताळणी केली. मुलांच्या बोटांना शाई लावून, मतदारांसारखी मोजली. कागदावरची लाखो मुलं वर्गात सापडलीच नाहीत. संस्थाचालकांनी हजेरीपटावर पोरं जन्माला घातली होती आणि त्यांच्या नावानं तुकड्या, शिक्षक, अनुदान असं सगळं लाटलं होतं. मग शिक्षा कुणाला झाली? डीएड होऊन बसलेल्या खऱ्या पोरांना. त्या काळात राज्यात हजाराहून अधिक अध्यापक विद्यालयं होती. मुलीला डीएडला घातली की नोकरी आणि लग्न एकाच खर्चात उरकतं, हा हिशेब गावोगाव पक्का होता. भरती थांबली, हिशेब चुकला, आणि विद्यालयं एकेक करून मिटली.

२०१७ मध्ये शिक्षकभरतीसाठी पवित्र पोर्टल आलं. हेतू स्वच्छ होता, हे आधी मान्य करतो. संस्थेत शिक्षक व्हायचं तर किती लाख मोजावे लागतात हे तालुक्याच्या गावात चहाच्या टपरीवरही सांगत. त्या पाकिटाला आळा घालायचा, गुणवत्तेनं भरती करायची. डिसेंबर २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी झाली. पहिली निवडयादी लागली ऑगस्ट २०१९ मध्ये. दोनशे प्रश्न, दोन तास, आणि उत्तरासाठी वीस महिने.

दुसरी चाचणी फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये झाली. दोन लाखांहून अधिक पोरं बसली. जाहिराती निघेपर्यंत २०२४ उजाडलं. पदं २१ हजार ६७८. त्यांतली ४ हजार ८७९ मुलाखतीसह, म्हणजे खासगी संस्थांची. उरलेल्या १६ हजार ७९९ पदांसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये ११ हजार ८५ जणांची शिफारस झाली. बाकीच्या पावणेसहा हजार जागांचं काय? कुठं विषयाचा उमेदवार मिळेना, कुठं प्रवर्गाचा, कुठं समांतर आरक्षणातला. घोडं अडलं ते अडलं. मग 'अपात्र, गैरहजर व रुजू न झालेल्या' जागांसाठी पुढची फेरी. ही तीन विशेषणं एका दमात म्हणता येणारी एक पिढीच आपण तयार केली आहे. ती स्वतःला बेरोजगार म्हणत नाही, 'अभियोग्यताधारक' म्हणते. पहाटे उठून ती पोर्टलवरचं बुलेटिन पाहते. प्राधान्यक्रम लॉक करते. आरक्षणाच्या बिंदुनामावलीवर वकिलासारखी बोलते. या पोरांचं बालमानसशास्त्र एव्हाना विसरून गेलं असेल, पण प्रशासकीय मराठी तोंडपाठ आहे.

*

जरा दराचं बोलू. भाजीचे भाव छापतात, तसे हेही एकदा शेजारी शेजारी छापायला हरकत नाही.

नव्या शिक्षकाला आपण शिक्षक म्हणत नाही, शिक्षणसेवक म्हणतो. ही योजना २००० सालची. पहिली तीन वर्षं मानधनावर काढायची, मग वेतनश्रेणी. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला दशकभर महिन्याला सहा हजार रुपये मिळत होते. उच्च न्यायालयानं सुनावल्यावर जानेवारी २०२३ पासून ते १६ हजार झाले. माध्यमिकला १८, उच्च माध्यमिकला २०. पेढे वाटले लोकांनी.

त्याच वर्षी जुलैत खात्यानं ठरवलं की रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षक घ्यावेत. वयाची मर्यादा सत्तर. मानधन २० हजार, आणि पेन्शन वेगळी. सप्टेंबर २०२४ मध्ये, तेही पाच तारखेला, आणखी एक शासन निर्णय निघाला: वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेत डीएड-बीएड झालेला बेरोजगार कंत्राटी नेमावा, मानधन १५ हजार. शिक्षकदिनाची भेट. काही दिवसांत वीसचा पट दहावर आला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये निर्णयच मागे घेतला.

म्हणजे एकाच फळ्यापुढं, एकाच खडूनं, 'कमल नमन कर' शिकवायचं असेल तर परीक्षा देऊन निवडून आलेल्याला १६, निवृत्त होऊन परत आलेल्याला २०, आणि आशेवर ठेवलेल्याला १५. आणि फळ्यापुढं उभंच राहायचं नसेल तर? २०२३ च्या मुख्यमंत्री फेलोशिपकडे पाहा. वय २१ ते २६, पदवीला साठ टक्के, एक वर्षाचा अनुभव, छात्रवृत्ती प्रवासखर्च धरून महिना ७५ हजार. ती काही फक्त शिक्षणासाठी नाही, सगळ्याच खात्यांसाठी आहे. आणि हुशार पोरांना सरकारनं बरा पैसा द्यावा, यालाही माझी ना नाही. मला एवढंच कळत नाही की राज्यकारभार समजून घेणाऱ्याला ७५ आणि पहिलीच्या पोराला अक्षर समजावून देणाऱ्याला १६, हा भाव ठरवताना वजनकाटा कुठला वापरला?

तारखा मात्र लक्षात ठेवा. १९ ते २१ जून २०२३, पुण्यात जी-२० च्या शिक्षण कार्यगटाची बैठक. २२ जूनला देशोदेशीचे शिक्षणमंत्री. मुख्य विषय पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान, म्हणजे तिसरीपर्यंतच्या पोराला वाचता यावं आणि बेरीज-वजाबाकी जमावी. विद्यापीठात प्रदर्शन मांडलं, शाळाशाळांतून माणसं नेऊन दाखवली. अभियोग्यता चाचणीचा निकाल तेव्हा लागून तीन महिने होत आले होते आणि दोन लाख पोरं घरी बसून होती. पाहुण्यांची विमानं उडाली आणि पंधरा दिवसांनी ते पत्र आलं: सत्तरीपर्यंतचे निवृत्त शिक्षक शोधा. पायाभूत साक्षरतेचा पाया आजोबांच्या गुडघ्यांवर.

*

सार्वजनिक कार्यक्रमांना या क्षेत्रात तोटा नाही. उलट शाळेपेक्षा शाळेविषयीचे कार्यक्रम जास्त नियमित भरतात.

चांगल्या हॉटेलातली परिषद हा त्यातला वरचा वर्ग. विषय 'ट्वेंटी फर्स्ट सेंच्युरी स्किल्स' किंवा तत्सम. दिवस कामाचा, वेळ सकाळी अकराची. म्हणजे शिक्षक येऊ शकणार नाही याची काळजी आयोजकांनी घेतलेली असते. व्यासपीठावर देणगीदार, अधिकारी, संस्थेचे संस्थापक आणि अमेरिकेतून शिकून आलेलं कुणीतरी. एखादा जिल्हा परिषदेचा शिक्षक आणलेला असतो, नाही असं नाही. त्याला जेवणानंतर पाच मिनिटं. सत्राचं नाव 'व्हॉइसेस फ्रॉम द ग्राउंड'. तो मराठीत बोलतो, सूत्रसंचालिका इंग्रजीत सारांश सांगते, त्यात त्याची तक्रार गळून पडते आणि प्रेरणा तेवढी शिल्लक राहते. मग त्याला कुंडीतलं रोपटं. गडी ते रोपटं मांडीवर घेऊन रात्रीच्या एसटीनं गावी.

खालचा वर्ग खात्याचा. केंद्राची शिक्षण परिषद दर महिन्याला. तिथं शाळा सोडून यायचं आणि अध्यापनाचा वेळ वाया घालवू नये यावर मार्गदर्शन ऐकायचं.

आणि उपक्रम तर मोजावेत तेवढे. २०२२ मध्ये वर्गात गुरुजींचे फोटो लावायचं फर्मान निघालं, 'आपले गुरुजी' म्हणून. कल्पना अशी की पालकांना खरा शिक्षक कोण ते कळावं. बऱ्याच ठिकाणी फोटो रुजू झाला, शिक्षकाची वाट पाहणं चालू राहिलं. २०२४ च्या सुरुवातीला 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा'. राज्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला ५१ लाख. स्पर्धा वाईट नव्हती, भिंती रंगल्या, बागा झाल्या, गावानं पैसे काढले. पण त्यातच मुलांनी मुख्यमंत्र्यांच्या पत्रासोबत सेल्फी काढून अपलोड करायचा, असंही होतं. ज्या शाळेत गुरुजी एक आणि वर्ग चार, तिथं कुटुंबाकुटुंबाचा सेल्फी चढवायला कोण बसलं असेल? रेंज पकडायला टेकडीवर कोण गेलं असेल? तोच. फोटोतला.

या मोजामापीचा एक संवाद शिक्षकांच्या गप्पांत फिरत असतो. खरा-खोटा देव जाणे, पण ऐकणारा प्रत्येक जण तो आपल्याच शाळेत घडल्याचं सांगतो. सर्वेक्षणाला आलेली मुलगी टॅब उघडून विचारते, "सर, तुमचा टीचिंग टाइम नॉन-अकॅडमिक कामात किती जातो?"

"मॅडम, हा फॉर्म भरायला किती वेळ लागंल?"

"वीस मिनिटं, सर."

"मग वीस मिनिटं धरा."

शिक्षणहक्क कायद्याचं कलम २७ म्हणतं की शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून बाकी अशैक्षणिक काम देऊ नये. लिंक भरणं हे त्यात कुठंच नाही, कारण २००९ मध्ये लिंक नावाची आपत्ती आली नव्हती. आता यू-डायसची लिंक, आधार वैधतेची लिंक, पोषण आहाराची लिंक, प्रशिक्षणाची लिंक, आणि प्रशिक्षण कसं वाटलं याची लिंक. सगळ्यांखाली एकच ओळ: आज सायंकाळी पाचपर्यंत, अतितात्काळ. या लिंकांतून जे आकडे वर जातात, त्यांचा डॅशबोर्ड होतो. डॅशबोर्डसाठी माणूस लागतो. त्याची जाहिरात निघते. रोजगारनिर्मिती म्हणतात ती हीच.

वरून पैसाही येतो. जागतिक बँकेनं जून २०२० मध्ये 'स्टार्स' नावाच्या प्रकल्पाला ५० कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. सहा राज्यं निवडली, त्यात महाराष्ट्र. असा प्रकल्प आला की प्रकल्प कक्ष येतो, कक्षाला सल्लागार येतात, सल्लागारांना निर्देशक लागतात, निर्देशकांना माहिती लागते. माहिती कुणी भरायची, हा प्रश्न तुम्ही विचारणार नाही अशी आशा आहे.

जनतेला विचारण्याचाही कार्यक्रम झाला. पहिलीपासून तिसरी भाषा, म्हणजे हिंदी, हा शासन निर्णय १६ एप्रिल २०२५ चा. गदारोळ झाल्यावर शब्द फिरवून दुसरा १७ जूनचा. २९ जूनला दोन्ही रद्द. आणि मग डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमून लोकांचं म्हणणं ऐकायला शहरोशहरी संवाद. आधी निर्णय, मग माघार, मग विचारपूस. चक्र उलटं फिरवून पाहायला हरकत नव्हती. पण तसं केलं असतं तर दोन महिने वाचले असते, आणि वाचलेल्या वेळेचं काय करायचं याचा जीआर आपल्याकडे तयार नाही.

*

सुधारणा फक्त पदांच्या जाहिरातीतूनच येते, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं साताऱ्याकडे पाहावं. कुमठे बीट. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत ज्ञानरचनावादी पद्धतीनं शिकवायला सुरुवात झाली, ती तिथल्याच शिक्षकांनी आणि विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी. वर्गाच्या फरशीवर आखणी, खडे-काड्या-मणी, मुलं गटागटानं जमिनीवर, गुरुजीही खाली. स्टेट लीड कुणी नव्हता. राज्यभरातून शिक्षक गाड्या करून, बरेचसे स्वतःच्या खर्चानं, तिथं बघायला गेले. बघून आले आणि आपापल्या शाळेत तसं करू लागले. २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'ला जे काही बळ मिळालं, त्यात या फरशांचा वाटा मोठा होता. पुढं त्याचेही फॉर्म झाले, 'प्रगत' शाळांचे टक्के झाले आणि शंभर टक्के प्रगत तालुके जाहीर होऊ लागले, तो भाग निराळा.

त्याच सुमारास 'शिक्षणाची वारी' भरायची. सरकारी कार्यक्रम असून चांगला. स्टॉलच्या मागं शिक्षक उभा आणि पुढंही शिक्षक. एक सांगतोय, दुसरा वहीत उतरवतोय. सूत्रसंचालिकेला सारांश करायला कुणी बोलावलं नव्हतं. असा कार्यक्रम टिकवायला काय लागलं असतं, मला माहीत नाही; बंद पडायला काही लागत नाही.

*

शिक्षणातला सर्वांत जुना आणि भरगच्च सार्वजनिक कार्यक्रम मात्र आझाद मैदानावर होतो. प्रवेश विनामूल्य, छत्री आपली आपण आणायची. विनाअनुदानित आणि अंशतः अनुदानित शाळांचे शिक्षक तिथं वर्षानुवर्षं बसतात. वीस टक्के, चाळीस टक्के, साठ टक्के अशा टप्प्यांनी त्यांना पगार मिळतो. वीस टक्के पगारावर शंभर टक्के संसार. जुलै २०२५ मध्ये भर पावसात पुन्हा बसले, तेव्हा पुढच्या टप्प्याच्या पैशाचं आश्वासन मिळालं. या कार्यक्रमालाही पाहुणे येतात, भाषणं होतात, पाठिंब्याची पत्रं वाचली जातात. सत्ताधारी बदलले की पाहुणे बदलतात, भाषणं तीच. पुण्यात शिक्षण आयुक्तालयासमोर अभियोग्यताधारकांचा असाच एक छोटा कार्यक्रम अधूनमधून चालतो.

आणि ज्यांना मैदानात बसायचं नव्हतं, त्यांनी वेगळी वाट काढली. २०२५ मध्ये नागपूर विभागात पगार काढायला लागणारे शालार्थ आयडी बनावट असल्याचं उघडकीला आलं. जाहिरात नाही, चाचणी नाही, प्राधान्यक्रम नाही. मागच्या तारखेची कागदपत्रं, एक आयडी, आणि पगार थेट खात्यात. अधिकाऱ्यांना अटक झाली, चौकशीला विशेष पथक बसलं. त्याआधी २०१९ च्या टीईटीत, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेत, गुण वाढवून पास झालेले साडेसात हजारांहून अधिक उमेदवार सापडले होते, आणि पोलिसांनी ज्यांना उचललं त्यांत परीक्षा घेणाऱ्या परिषदेचे प्रमुखच होते. पवित्र पोर्टलवर ज्याला वर्षंच्या वर्षं लागतात ते काम पाकिटानं किती सुरळीत होतं, याचा अभ्यास एखाद्या सिस्टीम ट्रान्सफॉर्मेशनच्या असोसिएटनं जरूर करावा. प्रक्रियेचे टप्पे कमी कसे करावेत, याचा त्याहून चांगला नमुना नाही.

प्रामाणिक माणसाचं काय झालं तेही सांगतो. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की सेवेत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असेल तर दोन वर्षांत पास व्हा, नाहीतर नोकरी सोडा. पाचच्या आत असाल तर राहा, बढती नाही. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न तेवढा मोठ्या पीठाकडे गेला. निकालाची बाजू मला कळते. पहिलीच्या मुलाला परीक्षा पास झालेला शिक्षक मिळावा, यात वावगं काय? पण २००० साली शिक्षणसेवक म्हणून लागलेले, पंचवीस वर्षं पहिली-दुसरी शिकवून केस पांढरे झालेले गुरुजी आता रात्री बालमानसशास्त्राची गाइडं घेऊन बसणार. दिवसा लिंका, रात्री गाइड, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये पुढच्या बाकावर त्यांचाच जुना विद्यार्थी. तो अभियोग्यताधारक. त्याला प्रश्न जास्त येतात.

पात्रतेची अट एवढी निकडीची असेल तर ती फक्त फळ्याशी का थांबावी? माझा एक लहानसा प्रस्ताव आहे. शिक्षणधोरणातल्या सगळ्या पदांची, म्हणजे सल्लागार, लीड, मॅनेजर, असोसिएट, तज्ज्ञ, समितीचे सदस्य, परिषदेतले वक्ते, भरती इथून पुढं पवित्र पोर्टलवरून करावी. आधी टीईटी. मग अभियोग्यता चाचणी. मग बिंदुनामावली तपासून येईपर्यंत थांबणं. निवड झाल्यावर पहिली तीन वर्षं 'धोरणसेवक' म्हणून १६ हजारांवर. नेमणूक धडगाव, अक्कलकुवा, भामरागड किंवा मोखाड्यात, जागा रिकामी असेल तिथं, म्हणजे कुठंही. दोन वर्ग, चार इयत्ता, एक मोबाइल. रेंजसाठी टेकडी गावकरी दाखवतील. परिषदेला जायचं असल्यास किरकोळ रजा टाकावी. ती मंजूर होईलच असं नाही. तीन वर्षं पूर्ण करणाऱ्याला मुंबईतल्या हॉटेलात जेवणानंतर पाच मिनिटं बोलता येईल.

इच्छुकांनी प्राधान्यक्रम लॉक करून ठेवावेत. स्वप्रमाणपत्रात चूक झाल्यास दुरुस्तीची सोय नाही. पुढचं बुलेटिन यथावकाश.